म्हण, सुविचार, ठोकताळा आणि जीवनाचं तत्त्वज्ञान : सीमारेषा नेमकी कुठे?

दांडियाबाजार_वाचक (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात आमचा पंधराएक जणांचा मराठी वाचनगट आहे. पुढच्या बैठकीचा विषय ठरलाय ‘माझं जीवनविषयक तत्त्वज्ञान’. प्रत्येकाने ते एका चिठ्ठीवर लिहून द्यायचं होतं. आलेल्या चिठ्ठ्यांपैकी काही जशाच्या तशा देते:

१. अंथरूण पाहून पाय पसरावे.
२. ठेविले अनंते तैसेचि राहावे.
३. न बोल्यामां नव गुण. (गुजरातीत आलीय, लिहिणारे मात्र पक्के मराठी.)
४. मिळकतीचा तिसरा हिस्सा आधी बाजूला, मग खर्च.
५. कर्म करत राहा, फळाची आशा धरू नका.
६. ऋण काढून तूप प्या. (ही थट्टेने आली असावी.)
७. यत्न तो देव जाणावा.

वाचताना प्रश्न पडला की यातलं तत्त्वज्ञान कुठलं? क्र. २ आणि क्र. ७ शेजारी ठेवल्या तर भांडण होतं. क्र. ४ तर बँकेच्या पत्रकात शोभेल. एका ओळीत मावतं ते तत्त्वज्ञान नाहीच, असं म्हणावं का? आणि तसं असेल तर मग गीतेतल्या ओळीचं काय करायचं? ‘तत्त्वज्ञान खोल असतं, म्हण उथळ असते’ असलं उत्तर नको. बैठकीत चिठ्ठी हातात धरून तपासता येईल अशी काही कसोटी असेल तर सांगा.

---

पोथीपाटी

ताई, खोल-उथळ हा निकष सोडलात ते उत्तम. कित्येक म्हणी भल्याभल्या ग्रंथांपेक्षा खोल असतात.

आधी म्हणीकडे बघू. म्हण ही सार्वत्रिक विधान करतच नाही. तिचा निम्मा अर्थ शब्दांत असतो आणि निम्मा ती कोण, कोणाला, केव्हा म्हणतं यात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे कर्ज काढून लग्न करणाऱ्याला सुनावतात. अंथरूण ऐसपैस असूनही पाय पोटाशी घेऊन झोपणाऱ्या कंजुषाला ते कोणी म्हणत नाही, खरं तर शब्दशः ती म्हण त्यालाही लागू पडायला हरकत नाही. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ घ्या. शब्द श्रद्धेचे, वापर टिंगलीचा. म्हणून म्हणींचं पुस्तक समोर ठेवून त्यांतून ‘मराठी माणसाचं तत्त्वज्ञान’ काढायला बसलं की फसगत होते. पुस्तकात ती कोणाला म्हणायची हे क्वचितच छापलेलं असतं.

याच कारणाने परस्परविरोधी म्हणी एका घरात सुखाने नांदतात. तुमच्या क्र. ३ ची जोडीदारीण आपल्या वडोदऱ्यात सगळ्यांच्या कानावरची आहे: ‘बोले तेनां बोर वेचाय’, म्हणजे जो ओरडतो त्याची बोरं खपतात. मंगळ बाजारात दुकान मांडलंत तर ही लागू, जावांच्या वादात मध्यस्थ म्हणून बसलात तर ‘न बोल्यामां नव गुण’ लागू. ‘उतावळे आंबा न पाके’ आणि ‘शुभस्य शीघ्रम्’ यांचंही तेच. दोन्हींतली कुठली केव्हा, हे म्हण स्वतः सांगू शकत नाही. तो निवाडा करणारा दुसराच कोणीतरी असतो. तो निवाडा ज्या कारणांनी होतो ती कारणं सांगता आली, आणि उद्या वेगळ्या प्रसंगात, स्वतःला गैरसोयीचं असतानाही तीच लावली, तर तिथे तत्त्वज्ञानाची हद्द सुरू होते.

हा मुद्दा शास्त्रांनाही लागतो. हर्बर्ट सायमन यांनी १९४६ साली प्रशासनशास्त्रावर एक लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘प्रशासनाच्या म्हणी’ असे शब्द होते. त्या काळी व्यवस्थापनाची ‘तत्त्वं’ म्हणून जे शिकवत, ते म्हणींसारखं जोडीजोडीने येतं, प्रत्येक तत्त्वाला तितकंच पटणारं उलट तत्त्व सापडतं, असा त्यांचा आक्षेप. उदाहरणार्थ, एका साहेबाच्या हाताखाली माणसं थोडी असावीत, आणि वरपासून खालपर्यंत पायऱ्याही थोड्या असाव्यात. आकडे घालून बघा. तळाला ६२५ माणसं आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली ५ ठेवले तर साखळी ५, २५, १२५, ६२५ अशी चार पायऱ्यांची होते. २५ ठेवले तर २५, ६२५ अशा दोनच. दोन्ही ‘तत्त्वं’ एकाच वेळी पाळता येत नाहीत. कशासाठी काय सोडायचं हे सांगणारा हिशेब हवा, आणि तो त्या तत्त्वांत नव्हता. तुमच्या क्र. २ आणि क्र. ७ चं भांडण याच जातीचं आहे.

आता सुविचार किंवा उक्ती. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या ग्रंथात (दुसरा भाग, एकविसावं प्रकरण) उक्तीची व्याख्या केलीय: काय करावं, काय टाळावं याबद्दलचं सर्वसाधारण विधान. पुढे तो म्हणतो, त्याला ‘का’ जोडलं की ती उक्ती राहत नाही, युक्तिवाद होतो. शिवाय एक मिश्कील निरीक्षण: लोकांना उक्ती आवडते, कारण आपल्या पदरी आलेला एखादा अनुभव कोणीतरी जगाचा नियम म्हणून सांगतं. ज्याचा शेजारी वाईट, त्याला ‘शेजाऱ्यासारखा त्रास नाही’ हे वाक्य लगेच पटतं. सकाळच्या व्हॉट्सॲप सुविचारांना अंगठा का मिळतो याचं उत्तर तेवीसशे वर्षांपूर्वीच देऊन झालंय.

ही कसोटी क्र. २ ला लावून बघा. चिठ्ठीवर आलीय ती अर्धी ओळ. तुकोबांनी पुढे लगेच ‘का’ दिलंय: ‘वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ’, उद्वेग वाहिल्याने फक्त दुःखच वाढतं. मग संचिताचा संदर्भ, आणि शेवटी सगळा भार देवावर घालून संसार त्याच्या पायी वाहायची गोष्ट. म्हणजे अभंगात एक निदान आहे, जगाबद्दलचा एक दावा आहे आणि एक उपायही. तोडलेल्या ओळीत त्यातलं काही उरत नाही. उरतो तो फक्त ‘आहे त्यात गप्प बसा’ असा सूर, आणि मूळ अभंगात संसार टाकायला नव्हे, वाहायला सांगितलाय.

---

आकडेमोड

पोथीपाटींनी म्हण आणि उक्ती घेतली, मी ठोकताळ्यावर लिहितो. क्र. ४ त्या घरातली आहे आणि तिला कमी लेखू नये. फक्त तिची जात वेगळी आहे.

ठोकताळा म्हणजे पूर्ण हिशेब न करता बरोबर उत्तराच्या जवळ नेणारी रीत. त्याच्यामागे एक यंत्रणा असते, वापरणाऱ्याला ती ठाऊक नसली तरी चालतं. जिथवर ती यंत्रणा चालते तिथवर ठोकताळा चालतो, पुढे तो गपकन पडतो.

भाताचं पेर घ्या. तांदळाच्या थरावर बोट टेकवायचं, पहिलं पेर बुडेल इतकं पाणी. हे का जमतं? पाणी दोन ठिकाणी जातं. एक तांदूळ शोषतो, ते तांदळाच्या प्रमाणात. दुसरं वाफ होऊन उडतं, ते भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर ठरतं, तांदळावर नाही. दाण्यांच्या फटींतलं आणि वरचं मिळून रोजच्या पातेल्यात, रोजच्या दोन-तीन वाट्यांना हा हिशेब बरोबर बसतो. आता पसरट परातीसारख्या भांड्यात एकच वाटी तांदूळ घ्या. थर बोटभरही नाही आणि वर पेरभर पाणी. पेज होते. उलट, पंगतीच्या उंच पातेल्यात वीतभर थरावर पेरभर पाणी घातलं तर तळाचा भात लागतो आणि वरचा कच्चा राहतो. कुकरच्या डब्यात वाफ फारशी उडतच नाही, म्हणून तिथे पेर सोडून वाटीने मोजतात. जुन्या तांदळाला दुप्पट किंवा किंचित जास्त, नव्याला दीडपट ते पावणेदोनपट. नव्याला जुन्याचं माप लावलं की गिचका.

दुसरा, बहात्तरचा नियम. ७२ ला व्याजदराने भागा, तितक्या वर्षांत पैसे दुप्पट. ८ टक्क्यांना उत्तर ९ येतं, खरं ९.०१. बेमालूम. २ टक्क्यांना ३६ येतं, खरं ३५. दर चढला की चूक उलट्या बाजूला वाढते: ३६ टक्क्यांना नियम २ वर्षं सांगतो, खरं सव्वादोन. पण क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के चढत असेल तर मोजायचंही महिन्यांतच: ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिने, खरं साडेतेवीसच्या आसपास. आणि हे सगळं चक्रवाढीला. सरळ व्याजावर ८ टक्क्यांना दुप्पट व्हायला साडेबारा वर्षं लागतात, तिथे हा नियम लावणारा साडेतीन वर्षांनी चुकतो.

आपल्याकडच्या लौकिक न्यायांतही (रोजच्या व्यवहारातल्या दृष्टांतांवरून पडलेल्या संस्कृत वचनांत) उत्तम ठोकताळे दडलेत. सूचीकटाह न्याय: लोहाराकडे एक जण सुई मागतो, एक कढई मागतो, तर सुई आधी करून द्यावी. सुईला १० मिनिटं, कढईला ३ तास धरा. सुई आधी केली तर एक गिऱ्हाईक १० मिनिटं थांबतं, दुसरं १९० मिनिटं, सरासरी १००. कढई आधी केली तर १८० आणि १९०, सरासरी १८५. संगणकात कामांची रांग लावताना छोटं काम आधी घेण्याची रीत हीच आहे, आणि तिचा दोषही तोच: सुईवाले येतच राहिले तर कढईवाल्याचा नंबर लागतच नाही. ‘शितावरून भाताची परीक्षा’ (स्थालीपुलाक न्याय) म्हणजे नमुना तपासणी. सगळा भात सारखा शिजला असेल तरच एक शीत पुरतं.

आता तत्त्वज्ञानापासूनचा फरक. ठोकताळा ध्येय बाहेरून उसनं घेतो. भात मोकळा हवा, पैसे दुप्पट हवेत, गिऱ्हाईकांचं थांबणं कमी हवं. पैसे दुप्पट व्हायला हवेतच कशाला, हा प्रश्न बहात्तरच्या नियमाला विचारून बघा, तो गप्प बसेल. तत्त्वज्ञानाचं काम तिथून सुरू होतं. दुसरी खूण म्हणजे ठोकताळा चुकला तर आपण तो बदलतो, कोणाला अपराधी वाटत नाही. ‘तिसऱ्या हिश्शा’ऐवजी चौथा केला म्हणून कोणी तत्त्वभ्रष्ट होत नाही. जिथे बदल केल्यावर ‘मी तो माणूस राहिलो नाही’ असं वाटतं, तिथे ठोकताळ्याहून जास्त काहीतरी आहे.

---

दांडियाबाजार_वाचक

पेराचं गणित वाचून आता भात लावताना हात थांबेल.

दोन शंका. क्र. ५ ही एवढ्या मोठ्या ग्रंथातली ओळ आहे, तिलाही नुसती उक्ती म्हणायचं? आणि क्र. ६ लिहिणारे काका आता म्हणतात की थट्टा नाही, चार्वाकदर्शन आहे.

---

ग्रंथभांडार

काकांचं निम्मं बरोबर आहे, आणि चार्वाकाचं उदाहरण तुमच्या प्रश्नासाठी शोधूनही मिळालं नसतं.

‘यावज्जीवेत् सुखं जीवेत्, ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ हा श्लोक चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहामुळे सर्वत्र पोचला. माधवाचार्य चार्वाक नव्हते, खोडून काढण्यासाठी मांडत होते. पण त्याच पहिल्या प्रकरणात तुपापेक्षा फार भारी माल आहे, तो कोणी पाठ करत नाही. तो असा: ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा नियम तुम्हाला कळला कसा? पाहिलेल्या धुरांपुरता कळला. न पाहिलेल्या, झालेल्या, होणाऱ्या सगळ्या धुरांना तो लागू आहे हे डोळ्यांनी कळणं शक्य नाही. अनुमानाने कळतं म्हणाल तर त्या अनुमानाला आणखी एक असाच नियम लागेल, आणि ते संपणार नाही. म्हणून अनुमान हे ज्ञानाचं खात्रीचं साधन नाही, प्रत्यक्ष तेवढं खरं. परलोक, कर्मफळ या गोष्टी प्रत्यक्ष नाहीत, म्हणून त्यांच्या भरवशावर आजचं सुख सोडायला कारण नाही. तूप हा या साखळीचा शेवटचा मणी. साखळीसकट घेतलं तर ते दर्शन आहे, नुसता मणी घेतला तर दुकानदाराला बुडवण्याची सबब.

वडोदऱ्याचा इथे एक मोठा वाटा आहे. जयराशी भट्ट या आठव्या-नवव्या शतकातल्या पंडिताचा तत्त्वोपप्लवसिंह हा ग्रंथ पाटणच्या भांडारातल्या ताडपत्रावरून उजेडात आला (पाटण तेव्हा बडोदे संस्थानात होतं) आणि १९४० साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. चार्वाकी वळणाचा एवढा सलग ग्रंथ दुसरा हाती नाही. जयराशी तर प्रत्यक्षालाही सोडत नाही, सगळ्या प्रमाणांची (ज्ञानाच्या साधनांची) व्याख्या मोडून दाखवतो. त्याला चार्वाक म्हणावं का यावर अभ्यासकांत वाद आहे. ऋण काढून तूप पिण्याचा सल्ला वाचायच्या आशेने कोणी हा ग्रंथ उघडला तर पहिल्या चार पानांतच मिटेल.

याच मालेत १९२६ साली शांतरक्षित या बौद्ध आचार्याचा तत्त्वसंग्रह आला, कमलशीलाच्या टीकेसह. साडेतीन हजारांहून अधिक श्लोक, २६ प्रकरणं, आणि प्रकरणांची नावं बघा: ईश्वरपरीक्षा, आत्मपरीक्षा, लोकायतपरीक्षा (लोकायत म्हणजे चार्वाकमतच). प्रत्येकात आधी विरोधकाचं म्हणणं, शक्य तितकं बळकट करून, आणि मग उत्तर. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. तुमची कसोटी इथे आहे. म्हणीला पूर्वपक्ष नसतो. सुविचाराला तर तो अपमान वाटतो. ज्याला जीवनाचं तत्त्वज्ञान म्हणायचं, त्याला आपल्याविरुद्धचा सगळ्यात बिनतोड आक्षेप माहीत असतो आणि त्याने त्याचं काहीतरी केलेलं असतं.

दुसरी कसोटी योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात आहे. वैद्यकात जसे चार भाग, रोग, रोगाचं कारण, आरोग्य आणि औषध, तसेच या शास्त्रातही चार, असं भाष्यकार म्हणतो: टाळायचं दुःख, त्याचं कारण, त्याचा नाश आणि त्या नाशाचा उपाय. बुद्धाची चार आर्यसत्यं याच आराखड्याची. चिठ्ठी हातात घ्या आणि विचारा, यातले कितवे भाग आहेत? ‘कर्म करत राहा’ यात फक्त चौथा. रोग कुठला, तो का होतो, बरं झालेला माणूस कसा दिसतो, हे ओळीत नाही. ग्रंथात आहे.

आणि म्हणूनच तुमच्या क्र. ५ चं उत्तर देणं सोपं आहे. ती ओळ शंकराचार्यांनीही घेतली, १९१५ साली छापून आलेल्या गीतारहस्यात लोकमान्यांनीही घेतली. आचार्यांच्या मते कर्म हे चित्तशुद्धीपुरतं, पुढे ज्ञान आणि संन्यास. टिळकांच्या मते ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी राखण्यासाठी, कर्म सोडायचं नाही. एकच ओळ, दोन तत्त्वज्ञानं, आणि दोन्ही पाळणाऱ्यांची साठीनंतरची आयुष्यं वेगळी दिसतील. म्हणजे तत्त्वज्ञान त्या ओळीत नव्हतं, ती ओळ ज्या आराखड्यात बसवली त्यात होतं.

---

चैत्रपालवी

एवढं सगळं मान्य करूनही थोडी उलट बाजू मांडते. या धाग्यावर हळूहळू असं चित्र होतंय की तत्त्वज्ञान वर आणि उक्ती खाली. ज्यांनी तत्त्वज्ञान जगण्यासाठी वापरलं त्यांचं मत तसं नव्हतं.

सेनेका या रोमन स्टोइकाची (सद्गुण हेच खरं हित, बाकी पैसा-मान गौण, असं मानणारा पंथ) लुसिलियस या मित्राला लिहिलेली १२४ पत्रं आहेत. ३३ व्या पत्रात तो लुसिलियसला झापतो: तू माझ्याकडे सुटी वचनं मागतोस, पण फुलं खुडत बसणं मोठ्या माणसाला शोभत नाही, वचनं मुलांना पाठ करायला ठीक. (स्वतः आधीच्या पत्रांत शेवटी एक वचन पाठवायची त्याला सवय होती, तीही बऱ्याचदा विरोधी, सुखवादी पंथाच्या एपिक्युरसची! माणूस प्रामाणिक होता, सुसंगत असेलच असं नाही.) पण ९४ आणि ९५ ही दोन लांबलचक पत्रं थेट तुमच्याच प्रश्नावर आहेत. स्टोइकांतलाच ॲरिस्टन म्हणत असे, सुटे उपदेश निरुपयोगी: मूळ सिद्धांत कळला असेल तर त्यांची गरज नाही, कळला नसेल तर त्यांचा फायदा नाही. ९४ व्या पत्रात सेनेका याला उत्तर देतो. माणसाला माहीत असूनही लक्षात राहत नाही. उपदेश शिकवत नाही, टोचणी देतो. ९५ व्यात उलट बाजू: नुसते उपदेश पुरत नाहीत, पानं फांदीशिवाय हिरवी राहत नाहीत. दोन्ही पत्रं एकत्र वाचायची असतात. एकच वाचून थांबलं की अर्धवट मत पक्कं होतं.

एपिक्युरसने तर हे योजूनच केलं. त्याच्या मुख्य सिद्धांतांची ४० वचनं आपल्यापर्यंत आली आहेत. हेरोडोटसला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की ज्यांना सगळे ग्रंथ वाचणं जमणार नाही त्यांच्यासाठी हे सार. म्हणजे तत्त्वज्ञान आधी, मग त्याची पाठ करण्याजोगी गोळी. अशी उक्ती आणि रानात उगवलेली म्हण यांत फरक आहे, दिसायला दोन्ही एक ओळीच्या असल्या तरी. गोळी विरघळवली की आतून पूर्ण औषध निघतं. इच्छा तीन प्रकारच्या (नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, दोन्ही नसलेल्या) हे त्याचं वर्गीकरण पाठ असेल तर लग्नाच्या हॉलचं भाडं ऐकतानाही ते उपयोगी पडतं, ग्रंथ उघडावा लागत नाही.

आणि ज्यांनी एकही ग्रंथ वाचला नाही, पण ज्यांच्या वागण्यात पन्नास वर्षं एकच धागा दिसतो, त्यांचं काय? माझ्या मते त्यांच्याकडे जीवनदृष्टी असते. दर्शन नसतं, कारण ती मांडलेली, तपासलेली नसते. पण निवाडा करणारा न्यायाधीश आत बसलेला असतो. पोथीपाटींनी ‘कारणं सांगता आली पाहिजेत’ अशी अट घातली ती मला थोडी पुस्तकी वाटते. सांगता येत नसतील, पण तीन अवघड प्रसंगांत त्या माणसाने काय सोडलं आणि काय सोडलं नाही हे बघून तुम्हाला ती मांडता येतात.

---

पोथीपाटी

चैत्रपालवीताई, अट मागे घेतो, पण अर्धीच. धागा दिसतो हे खरं. तो धागा बरोबर आहे का हे तपासायचं तर तो शब्दांत आणावाच लागतो, तिथे सुटका नाही.

मूळ प्रश्नकर्त्या ताईंसाठी कृती देतो. दीड तास असेल तर सगळ्या चिठ्ठ्या घेऊ नका, तीन पुरेत. पंधरा घेतल्या तर प्रत्येकीला सहा मिनिटं मिळतील आणि सहा मिनिटांत माणूस फक्त आठवण सांगतो. तीनही एकमेकींना पटणाऱ्या निवडू नका. २, ५, ६ घ्या.

प्रत्येक चिठ्ठीला २० मिनिटं. आधी ओळ लिहिणाऱ्याने एकच वाक्य जोडायचं, ‘कारण…’ने सुरू होणारं. तिथेच निम्मे अडकतात. अडकले तर हसू नका, ती माहिती आहे. मग बाकीच्यांनी तिच्याविरुद्धची म्हण शोधायची आणि लिहिणाऱ्याने सांगायचं की कुठल्या प्रसंगात ती मान्य करीन आणि का. शेवटी सगळ्यांसमोर एकच ठराविक प्रसंग ठेवा. माझी सूचना: साठवलेले दोन लाख रुपये आहेत, जुना मित्र उसने मागतोय, परत मिळतील याची खात्री नाही.

या प्रसंगात म्हणी दोन्हीकडून येतील. ‘एकमेकां साह्य करू’ एका बाजूने, ‘गरज सरो वैद्य मरो’ दुसऱ्या बाजूने. तत्त्वज्ञानं वेगळं वागतात. स्टोइक विचारेल, पैसा हा मुळात चांगला-वाईट नाहीच, मित्र म्हणून माझी भूमिका काय मागते? देईल, आणि परत आले नाहीत तर चडफडणार नाही. एपिक्युरसवाला मैत्रीला सुखाच्या साधनांत सगळ्यात वर ठेवतो, म्हणून तोही बहुधा देईल, पण स्वतःच्या निश्चिंतपणाला धक्का लागणार नाही इतकेच. दोघांचा हात खिशाकडेच गेला, तरी कारणं निराळी, म्हणून रक्कमही निराळी. हे टेबलावर दिसलं की फरक समजावून सांगायची गरज राहत नाही.

बैठक कुठे बिघडते तेही सांगतो. एक, कोणीतरी ‘शेवटी सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात’ म्हणतं. ते वाक्य आलं की चर्चा बसते. त्यांना प्रेमाने विचारा, कुठल्या ठिकाणी? दोन, लिहिणाऱ्याला वाटतं आपल्यावर खटला चालू आहे. म्हणून चिठ्ठ्यांवरची नावं काढा आणि ‘कारण’ लिहायला दुसऱ्याच कोणाला सांगा, मालकाने हवं तर मग दुरुस्त करावं. तीन, जर्मन तत्त्वज्ञान वाचलेले एखादे सर असतील तर ते कांटच्या १७८५ च्या ग्रंथातला ‘मॅक्सिम’ काढतील. तो शब्द इंग्रजीत उक्तीसाठीही चालतो, पण कांटकडे त्याचा अर्थ माणूस प्रत्यक्षात ज्या नियमाने वागतो तो त्याचा स्वतःचा नियम, मग तो सुंदर असो वा लाजिरवाणा. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वीस मिनिटं शब्दावर जातात.

---

दांडियाबाजार_वाचक

नावं काढून चिठ्ठ्या पुन्हा लिहून घेते, अक्षरावरून ओळखतील म्हणून सगळ्या माझ्याच हाताने. २, ५, ६ आणि दोन लाखांचा प्रसंग, ठरलं. ‘कारण’ची पद्धत काल दोघांवर फोनवरच करून बघितली. एकांनी सांगितलं, ‘कारण बाबा तसं म्हणायचे’. हे ‘कारण’ धरायचं का?

---

ग्रंथभांडार

धरायचं. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या, चार प्रमाणांत शब्द हे एक प्रमाण आहेच, आणि आप्ताचं (इथे नातेवाईक नव्हे, भरवशाचा जाणकार) वचन म्हणजे शब्द. फक्त पुढचा प्रश्न विचारा: या बाबतीत बाबांना आप्त का मानायचं? त्यांना तो विषय माहीत होता का, आणि जसं होतं तसंच ते सांगत होते का? दोन्हीला हो आलं तर पुरावा पक्का.

---

आकडेमोड

क्र. ४ वाल्यांना वगळल्याचं वाईट वाटणार. त्यांना चहाच्या वेळी सेव-उसळीच्या हिशेबाला बसवा आणि सांगा की सूचीकटाह न्यायाने त्यांचं काम आधी घेतलंय.